पानं पुसणारी

लोक मला फोन करतात तेव्हा झाड बहुतेक वेळा गेलेलं असतं. फोनवर मात्र ते "जरा मलूल" असतं. "दोन-चार पानं गळलीत, एकदा येऊन बघता का?" असं कुणी म्हणालं की मी समजायचे, दोन-चार पानं उरली आहेत. नातेवाईक दवाखान्यात पेशंटबद्दल जसं थोडं कमी करून सांगतात, तसंच लोक झाडाबद्दलही सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. घरातली वस्तू आपल्या हातून मरते आहे हे कबूल करायला कुणालाच आवडत नाही.

सदतीस वर्षं मी लोकांच्या घरांतली आणि हापिसांतली झाडं सांभाळली. विकली नाहीत, सांभाळली. महिन्यातून एकदा किंवा दोनदा जायचं, माती बघायची, पानं पुसायची, किडीवर फवारायचं, कुंडी छोटी झाली असेल तर बदलायची आणि मालकाला चार शब्द सुनवायचे. माझे वडील कसबा पेठेत कुंड्या घडवायचे. आमच्या घरात कुंडी म्हणजे रिकामी वस्तू. तिच्यात पुढे काय राहतं हे बघायची हौस मला एकटीलाच होती. लग्नानंतर एका नर्सरीत लागले, तिथून स्वतःची गिऱ्हाइकं जमली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. तरी फोन येतात, आणि जवळचं असेल तर मी जाते.

गिऱ्हाइकांत माझं नाव "रबरवाल्या बाई". कारण ज्याच्या घरी एकच झाड असतं, त्याच्याकडे ते रबराचंच असतं. जाड, तकतकीत, तळहाताएवढी पानं, कमी उजेड चालतो, चार दिवस विसरलात तरी रुसत नाही. सोसणारं झाड आहे, आणि सोसणाऱ्याला लोक जरा जास्तच सोसायला लावतात. इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी निदान दोघा-तिघांची झाडं वाचतील. रबराचं झाड पाण्याविना मरत नाही, पाण्यानं मरतं. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. ओलं लागलं तर हात धुवायचे आणि स्वतः चहा प्यायचा, झाडाला काही द्यायचं नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं. खिडकीजवळ ठेवायचं आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही. सारखी जागा बदलली की हे झाड पानं टाकतं. एवढंच शास्त्र आहे. या एवढ्यावर माझं घर चाललं, कारण एवढंही कुणी करत नाही.

शनिवार पेठेत एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मला बोलावलं तेव्हा कुंडीतून गटारासारखा वास येत होता. मी झाड उपटून दाखवलं, मुळं काळी पडून सडलेल्या कांद्यासारखी झाली होती. मी विचारलं, पाणी कधी घालता? रोज सकाळी सहा वाजता, एक तांब्या, असं ते अभिमानानं म्हणाले. चार वर्षांत एक दिवस चुकलो नाही, ताप असताना सुद्धा. मी म्हटलं, "तेच चुकलं." त्यावर ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस फोन आला की दुसरं झाड आणलं आहे आणि याला फक्त रविवारी पाणी देतो, मग पाऊस असो, थंडी असो. तेही मेलं. शिस्तीच्या माणसाला झाड पाळणं अवघड असतं, कारण झाडाला वार कळत नाही.

पानं पुसण्याबद्दल लोकांना फार गंमत वाटते. हे काय काम आहे का, असा चेहरा करतात. रबराच्या पानावर धूळ बसली की त्याला उजेड पोचत नाही, म्हणून पुसायचं. जुन्या धोतराचा ओला फडका घ्यायचा, डावा हात पानाखाली धरायचा, तान्ह्या मुलाचं डोकं धरतात तसा, आणि उजव्या हातानं देठाकडून टोकाकडे पुसायचं. खोबरेल, दूध, बिअर यातलं काही लावायचं नाही. चकाकतं चार दिवस, मग त्यावर दुप्पट धूळ बसते. माझे यजमान होते तेव्हा मला रात्रीच्या जेवणाला उशीर झाला की म्हणायचे, "दिवसभर गावाची पानं पुसून आलीस, आता आमच्या तोंडाला तेवढी पुसू नकोस." मी हसायची. तोंडाला पानं पुसणं, म्हणजे गोड बोलून समोरच्याला फसवणं, हे मला कधी जमेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढे जमलं, आणि तेच सांगायला ही लेखणी हातात घेतली आहे.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. तिला आम्ही "बदली" म्हणतो. हापिसात झाड मेलं की गिऱ्हाइकाला ते मेलेलं दिसू द्यायचं नाही. शनिवारी हापिस बंद असताना जायचं, त्याच उंचीचं, तेवढ्याच पानांचं दुसरं झाड त्याच कुंडीत बसवायचं आणि सोमवारी सगळं जागच्या जागी. खराडीच्या एका कंपनीत पोरांनी रबराच्या झाडाचं नाव शेरू ठेवलं होतं. त्याचा वाढदिवस करायचे, आणि त्याच दिवशी त्याच्या कुंडीत उरलेली कॉफी ओतायचे. मी पाच वर्षांत तीन शेरू बदलले. तिथली एक मुलगी मला म्हणाली, "मॅम, शेरू किती लॉयल आहे ना? एवढा स्टाफ लेफ्ट झाला, पण हा अजून इथेच." मी म्हटलं, हो ना. त्या बदल्यांचा मला गर्वच होता. माझ्या हाताखाली झाड मरत नाही असं लोक म्हणायचे, आणि मी कानावर हात ठेवायची नाही.

आता लोखंडे बाईंबद्दल.

येरवड्यात एका दातांच्या दवाखान्यात माझी चार झाडं होती. तिथल्या कामवाल्या बाईंनी सांगितलं की आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे एक पान आहे, ते बघून द्या. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच पानच होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खिडकीत एका लहान मातीच्या कुंडीत उभं खोचलेलं रबराचं एकच पान. हिरवंगार, ताठ, एक डाग नाही. बाकी काही नाही, खोड नाही, फांदी नाही.

लोखंडे बाई महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होत्या. मी त्यांना बाई म्हणायची आणि त्या मला बाई म्हणायच्या. बारीक चणीच्या, आवाज खणखणीत. मी पहिल्या भेटीत कागदावर पाण्याचं वेळापत्रक लिहून दिलं तर त्यांनी पेन घेऊन आधी माझ्या "पाणि"ची वेलांटी दीर्घ केली आणि मग वाचलं. पान त्यांनी आधी ग्लासातल्या पाण्यात ठेवलं होतं, महिनाभरात देठाला पांढरी मुळं आली, मग कुंडीत लावलं. "चौथीच्या मुलांना मी स्वतः शिकवलंय," त्या म्हणाल्या. "पानफुटीच्या पानापासून नवीन रोप तयार होतं. हे फक्त जरा सावकाश आहे. कधी फुटेल?"

पानफुटी वेगळी आणि रबर वेगळं. पानफुटीच्या पानाच्या कडेलाच कळ्या असतात, म्हणून ते जमिनीवर पडलं तरी त्याला पोरं होतात. रबराचा कोंब फुटतो तो डोळ्यातून. डोळा म्हणजे देठ खोडाला जिथं चिकटतो तिथला बारीकसा फुगवटा. पान तोडताना त्याच्यासोबत खोडाची नखाएवढी साल आणि तो डोळा आला, तर त्याचं झाड होतं. नुसतं पान देठासकट निसटलं, तर त्याला मुळं येतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्यातून कधीही काहीही फुटत नाही. आम्ही त्याला आंधळं पान म्हणतो. बाईंचं पान आंधळं होतं. मी बघताक्षणीच ओळखलं होतं.

मी सांगणारच होते, पण त्याआधी त्यांनी पान कुणाचं ते सांगितलं. त्यांचा मुलगा मिलिंद हिंजवडीला कंपनीत होता. येरवड्याहून रोज जाणं-येणं जिवावर यायचं म्हणून वाकडला खोली घेऊन राहायचा. पहिल्या पगारात त्यानं रबराचं झाड घेतलं, आणि नवीन पान आलं की आईला फोटो पाठवायचा. कंपनीनं बऱ्याच लोकांना काढलं, त्यात तोही गेला. घरी त्यानं सांगितलं नाही. तीन महिने तो कामावर असल्यासारखाच फोन करत राहिला, आणि एका सकाळी फोन टेबलावर ठेवून खोलीतून निघून गेला. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने बघून झाले, रेल्वे स्टेशनं बघून झाली. दोन महिन्यांनी घरमालकानं खोली रिकामी करायला बोलावलं. झाड वाळत आलं होतं तरी जिवंत होतं. टेंपोवाल्यानं ते जिन्यातून उतरवताना मधोमध मोडलं, आणि कुणीतरी ते कचऱ्याच्या गाडीत टाकूनही दिलं. बाई वरून सामान घेऊन खाली आल्या तेव्हा पायरीवर हे एक पान पडलेलं होतं. त्यांनी ते पर्समध्ये घातलं.

माझ्या मनात तेव्हा पहिला विचार आला तो धंद्याचा. मोडलेल्या त्या खोडाचा बोटभर तुकडा कुणी उचलला असता तरी पुरला असता. पण झाडाचं मोडलेलं खोड उचलायचं असतं हे त्या जिन्यात कुणाला माहीत असणार? मी ते बोलले नाही. बाई परत विचारत होत्या, कधी फुटेल? मी म्हटलं, "रबराला वेळ लागतो." हे वाक्य मी दहा हजार वेळा म्हटलं असेल. ते खोटं नसतं, म्हणून सोयीचं असतं.

त्यानंतर मी दर महिन्याला त्यांच्याकडे जायला लागले. एक पान पुसायला एक मिनिट लागतं, पण मी तासभर बसायची. त्या चहा करायच्या, आणि मिलिंदबद्दल बोलताना तो नाशिकला बहिणीकडे गेला आहे अशा थाटात बोलायच्या, त्याला हे आवडतं, तो असं म्हणतो. भूतकाळ त्यांनी कधी वापरला नाही. त्यांची मुलगी सुजाता खरंच नाशिकला होती आणि आईनं तिकडे यावं म्हणून मागे लागलेली होती. बाईंना साखरेचा त्रास होता, एक डोळा अधू होत चालला होता. पण मिलिंद आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, असं म्हणून त्या विषय संपवायच्या. मी निघताना प्रत्येक वेळी विचारायच्या, काही हालचाल दिसते का? आणि मी कधी हवेवर ढकलायची, कधी मातीवर, कधी थंडीवर. दीड वर्ष मी हवामान खात्यासारखी अंदाज देत राहिले.

मग एका फेब्रुवारीत त्या म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेपर्यंत बघते. तोवर नाही फुटलं, तर मग मी काय ते ठरवीन." काय ठरवणार, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पान टाकून देतील. आणि त्या पानाशिवाय ही बाई त्या खिडकीत बसलेली माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मी जे केलं ते करायला मला अर्धा तासही लागला नाही. नर्सरीतून मुळं धरलेलं बोटाएवढं कलम आणलं, चांगला टपोरा डोळा असलेलं, पानं छाटून टाकलेली. बाई आत चहा करत होत्या. मी माती उकरली, कलम त्या पानाच्या देठाला चिकटवून आडवं पुरलं, डोळा तेवढा वर राहील असा, आणि वरून बोटानं माती सारखी केली. हात धुतले, चहा प्याले. शेरूच्या वेळी करायची तशीच बदली, फक्त इथे जुनं काढायचं नव्हतं. बसमधून घरी येताना मला चांगलंच वाटत होतं. खरं सांगते, इतकं चांगलं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी बाईंचा फोन आला. मातीतून तांबडं टोक वर आलं होतं. रबराचं नवीन पान तांबड्या टोपणात गुंडाळलेलं येतं, फार देखणं दिसतं ते. पौर्णिमेला मी गेले तर त्यांनी मला खीर वाढली, शेजाऱ्यांना बोलावून कुंडी दाखवली, आणि "या बाईंच्या हाताला गुण आहे" असं सगळ्यांना सांगितलं. सुजाता आलेली होती. ती मात्र स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभी होती. कॉटखाली एक भरलेली बॅग होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी निघाले तशी सुजाता जिन्यात मागोमाग आली. आईनं स्वतःशी पैज लावली होती, तिनं मला सांगितलं. जन्मात कधी नवस बोलली नाही, गंडा-दोरा घरात येऊ दिला नाही, पण या पानावर तिनं सगळं टाकलं होतं. पौर्णिमेपर्यंत फुटलं नाही तर मिलिंद येत नाही असं धरायचं आणि नाशिकला निघायचं. फुटलं तर तो येतोय, मग हे घर सोडायचं नाही. बॅग भरून झाली होती, तिकिटं काढून झाली होती.

"काकू, तुमच्यावर राग नाही माझा," सुजाता म्हणाली. "तुम्ही झाड जगवलंत. पण आता ती कुणाचंच ऐकणार नाही हो."

त्याच वेळी, त्याच जिन्यात मी सांगायला हवं होतं. चार पायऱ्या वर चढायच्या आणि दोन वाक्यं बोलायची. पण वर लोक खीर खात होते. मी सुजाताला म्हटलं, बघू, होईल काहीतरी. आणि खाली उतरले. कलम लावलं ती चूक मी अजून कुणापुढे मांडू शकते, की दया आली म्हणून केलं. या जिन्यातल्या गप्प बसण्याला मात्र माझ्याकडे काही कारण नाही. मला माझा मान सांभाळायचा होता, दुसरं काही नाही.

पावसाळ्यात त्या रोपाला तीन पानं आली. ऑगस्टमध्ये बाई न्हाणीघरात पडल्या. सकाळी पडल्या त्या संध्याकाळी शेजारणीनं दार ढकलेपर्यंत तिथेच होत्या. दार उघडंच असायचं, कारण मिलिंदकडे किल्ली नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ओल्या फरशीवर दिवसभर पडून छातीत कफ झाला होता. सुजाता रात्रीतून आली. मी दोन दिवस हिंमत गोळा केली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

बाईंनी आधी विचारलं, झाडाला पाणी घातलंत का? मी म्हटलं, घातलं. मग स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. डोळा म्हणजे काय, आंधळं पान म्हणजे काय, कलम कुठून आणलं, कधी लावलं. त्या वर्गात उत्तर ऐकावं तशा ऐकत होत्या, मध्ये तोडलं नाही. सुजाता भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"म्हणजे माझं पान अजून तसंच आहे?" बाईंनी विचारलं.

"हो. जिवंत आहे. पण ते फुटणार नाही, बाई. कधीच नाही."

"आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

त्या छताकडे बघत राहिल्या. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. बोलल्या तेव्हा आवाज शाळेतलाच होता.

"मुलाचं उत्तर चुकलं तर मी लाल रेघ मारायची. चुकण्याबद्दल कधी कुणाला शिक्षा केली नाही. पण त्याच्या वहीत दुसऱ्याचं उत्तर लिहून ठेवणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढायची." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोलीस म्हणतात येईल. ही म्हणते येईल. शेजारी म्हणतात येईल. त्यांना कुणालाच काही माहीत नाही, म्हणून म्हणतात. तुम्हाला माहीत होतं. निदान झाडाबद्दल तरी खरं बोलायचं होतं, बाई."

मी उठून स्टूल कॉटखाली सरकवलं.

दोन्ही वेगळी करा, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. मी त्यांच्या घरी जाऊन कुंडी उलटी केली. मुळं एकमेकांत गुंतली होती, ती सोडवताना चीक हाताला लागत होता. माझं कलम मी दातांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. ते आज माझ्या खांद्याला लागतं. माझ्या हातून इतकं जोमदार झाड दुसरं झालं नाही, आणि त्याच्याकडे मी बघत नाही. पान परत लहान कुंडीत एकटं लावलं. दिवाळीनंतर बाई चाकाच्या खुर्चीतून नाशिकला गेल्या. पान त्यांनी माझ्याकडे ठेवायला सांगितलं. ते फुटणार नाही हे आता त्यांना माहीत होतं, आणि मुलीच्या घरी येणारे-जाणारे सारखं विचारत राहतील, याला काय बघता म्हणून. ते त्यांना नको होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन यायचा. कशा आहात, काय चाललंय, यातलं काही नाही. "पान कसं आहे?" मी सांगायची, आहे तसंच आहे. त्या म्हणायच्या, बरं. आणि फोन ठेवायच्या. सव्वा वर्ष असं चाललं. त्या एका वाक्याची मला इतकी सवय झाली की एक तारखेला मी सकाळीच पान पुसून ठेवायची, म्हणजे बघूनच सांगितलं असं व्हावं.

या उन्हाळ्यात पान देठाकडून पिवळं पडायला लागलं. पाणी बरोबर होतं, उजेड बरोबर होता. पानाला वय असतं. झाडावर असतं तरी ते कधीतरी गळलंच असतं, आणि हे तर खोडाशिवाय चार वर्षं जगलं होतं. मला माहीत असलेलं सगळं करून बघितलं आणि आठवड्यात ते वाळून आडवं झालं.

आता खरं बोलायचं तर बदली करणं इतकं सोपं कधीच नव्हतं. रबराचं कुठलंही एक पान दुसऱ्यासारखंच दिसतं. आणि फोनवर तर दिसतही नाही. नुसतं "आहे तसंच आहे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझी जीभ त्या वाक्याला वळलेली होती. एक तारखेला फोन आला, त्यांनी विचारलं, पान कसं आहे? मी म्हटलं, "बाई, ते गेलं."

त्यांनी विचारलं, पाणी जास्त झालं का? मी म्हटलं, नाही, त्याचं वय झालं होतं. देठाकडून गेलं का टोकाकडून, असंही त्यांनी विचारलं. देठाकडून, मी म्हटलं. त्यांच्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या मी मोजत बसले. शेवटी त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." आणि फोन ठेवला.

पुढच्या एक तारखेला फोन आला नाही. दुपारपर्यंत मी कुठे गेले नाही. दोन तारखेलाही आला नाही, तेव्हा मग मीच केला. पलीकडून त्यांचा आवाज आला, जरा खोल गेलेला.

"आता कशाला केलात फोन?" त्या म्हणाल्या. "आता काय विचारायचंय?"

"तुम्ही कशा आहात, ते."



"आहे तशीच आहे," लोखंडे बाई म्हणाल्या.